तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्तुगालमधलं सोशल वर्क कधी सुरू झालं?

मी सोशल वर्क शिकवते आणि मूळची गोव्याची, त्यामुळे मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. पुस्तकी उत्तर आहे 1935, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लिस्बनला सोशल वर्कची पहिली शाळा निघाली ते साल. पण ते शिक्षणाचं साल झालं, कामाचं नाही.

काम मला 1498 मधे दिसतं. वास्को द गामा कालिकतला पोचला ते वर्ष आपल्याला पाठ असतं, त्याच वर्षी ऑगस्टमधे लिस्बनच्या कॅथेड्रलमधे पोर्तुगालची राणी लियोनोर हिने मिझेरिकॉर्डिया, म्हणजे गरजूंना मदत करणारी संस्था, सुरू केली. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा 1491 मधे घोड्यावरून पडून गेलेला, आणि ही बाई उपाशी, आजारी, कैदी, बेवारस प्रेतं यांच्यासाठी संस्था उभी करते. ती चालवणार कोण तर पाद्री नाहीत, साधी संसारी माणसं, निम्मे उमराव आणि निम्मे कारागीर. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं, की चांभार-सुतारालाही तिथे जागा होती. प्रमुखाला म्हणायचे प्रोव्हेदोर. गोव्यात वृद्धाश्रम चालवणारी प्रोव्हेदोरिया आहे ना, तो शब्द तिथलाच, आणि मिझेरिकॉर्डिया गोव्यातही सोळाव्या शतकातच आली होती.

पण मी वर्गात जास्त वेळ बोलते ते रोडाबद्दल. रोडा म्हणजे भिंतीत बसवलेलं फिरतं लाकडी पिंप, सांभाळता न येणारं बाळ आईने बाहेरून त्यात ठेवायचं, घंटा वाजवायची, आतली बाई पिंप फिरवून बाळ घेणार, कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही, नाव विचारायचं नाही. 1783 मधे तर गावोगावी रोडा बसवायचा हुकूम निघाला. बाळं मग पगारी दाईंकडे खेड्यात जायची आणि खूप मरायची, भयंकर खूप, हे लपवून चालणार नाही, नुसतं बाळ आत घेतलं की काम झालं असं नसतं हे तेव्हाच दिसलं होतं.

आणि तरी आया बाळासोबत काहीतरी ठेवायच्या. रिबिनीचा तुकडा, अर्धी कापलेली चिठ्ठी, बाळाचं नाव. उरलेला अर्धा भाग स्वतःकडे, म्हणजे दिवस पालटले की तो दाखवून मूल परत मागता येईल. लिस्बनच्या मिझेरिकॉर्डियाच्या दप्तरात अशा खुणा अजून जपून ठेवल्यात, नोंदीच्या कागदांबरोबर.