भरपाई कोणाची, बजेट कोणाचं

न्यू जर्सीच्या २०२५ मध्ये मंजूर झालेल्या बजेटमधली एक तरतूद अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ओपिऑइड (अफूच्या जातीची, व्यसन लावणारी वेदनाशामकं) विकणाऱ्या कंपन्यांकडून आलेल्या भरपाईतले साडेचार कोटी डॉलर चार बड्या हॉस्पिटल-समूहांना! पैसे कसे खर्चायचे हे सुचवायला तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनीच सल्लागार समिती नेमली होती. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल प्लॅटकिन उघड विरोधात होते. तरी मर्फींची सही झाली.

कारण काय, तर मेडिकेडला (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला) कात्री लागणार, हॉस्पिटलं अडचणीत येणार. येतीलही. तिथे व्यसनाचे पेशंट येतात हेही खरं. पण एवढ्या मोठ्या ताळेबंदात हे पैसे नेमके कुठे जिरले, ते कोण शोधणार?

या कंपन्यांवरच्या खटल्यांतल्या २०२१ च्या तडजोडीत तीन घाऊक औषध-वितरकांनी १८ वर्षांत २१०० कोटी आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ५०० कोटी डॉलरपर्यंत द्यायचं ठरलं. किमान ८५ टक्के या संकटाच्या निवारणावरच खर्च व्हावेत, ही अट मुद्दाम घातली. सिगारेट कंपन्यांशी झालेल्या १९९८ च्या तंबाखू-तडजोडीचे पैसे राज्यांनी रस्त्यांवर नि तुटीवर उडवले होते ना! आमच्याकडे निम्मा वाटा राज्याचा, निम्मा काउंट्यांचा आणि गावांचा. पण 'निवारण' हा शब्द इतका ऐसपैस की त्यात हत्तीही मावेल.

मी फार्मसिस्ट आहे. इथे राज्याच्या योजनेतल्या फार्मसीत १४ वर्षं आणि त्यावरच्या कोणालाही नॅलोक्सोनचा (ओपिऑइडचा ओव्हरडोस उलटवणाऱ्या औषधाचा) स्प्रे फुकट मिळतो, नाव न सांगता. मध्यंतरी एक काका आले. गणपतीच्या पंगतीत शेजारी बसणारे, पण काउंटरवर माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. "मित्राच्या मुलासाठी हवंय." मी स्प्रे नाकात कसा मारायचा ते दाखवलं, ९११ ला (आपत्कालीन नंबरला) फोन करायचाच हे सांगितलं. काकांनी डबी कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि एकदम मराठीत विचारलं, "आणि शुद्धीवर आल्यावर?"

स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो. खरं काम त्यानंतरचं: व्यसनावरच्या उपचाराचं औषध ब्युप्रेनॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर, नाहीतर तशाच मेथाडोनचं क्लिनिक. सुरुवातीला त्या क्लिनिकमध्ये जवळपास रोज, भल्या सकाळी रांग लावायची आणि आठच्या शिफ्टला वेअरहाऊस गाठायचं. गाडी नसेल तर या राज्यात हे कसं जमायचं? माझ्या हिशेबी पैसे आधी जायला हवेत ते या फेऱ्यांच्या भाड्याला, आणि स्वतः यातून बाहेर पडून आता दुसऱ्याला सोबत करणाऱ्या माणसांच्या पगाराला. अशी माणसं आहेत. नोकरी मात्र बहुतेकदा ग्रँट संपेपर्यंतचीच.