जुन्या फोर बाय फोरचे पॉवर स्टिअरिंग होज बदलताना

जुनी फोर बाय फोर ठेवली की पॉवर स्टिअरिंगचे होज, म्हणजे पंप, ऑइलची टाकी आणि चाकं वळवणारा स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणाऱ्या नळ्या, कधी ना कधी बदलावे लागतातच, कारण रबर ते रबरच, इंजिनाच्या उष्णतेत ते वर्षानुवर्षं शेकलं जातं आणि वरून चिखल, पाणी, दगड. माझ्या गाडीत ओल पहिल्यांदा दिसली ती प्रेशर होजच्या (पंपाकडून बॉक्सकडे जोरात ऑइल नेणारा) क्रिम्पपाशी, म्हणजे जिथे रबर संपून धातूची नळी सुरू होते आणि वरून ती दाबून बसवलेली रिंग असते तिथे. खाली थेंब वगैरे काही नाही, नुसती ओल आणि त्यावर चिकटून बसलेली धूळ. अशा वेळी बरेच जण टाकीत ऑइल ओतत राहतात आणि गाडी चालवत राहतात, मला ते अजिबात पटत नाही. क्रिम्पपाशी ओल आली म्हणजे तिथली पकड गेली, ती परत येत नाही, वरून क्लॅम्प आवळूनही नाही. तो होज आज ना उद्या सुटणार आणि तो सुटणार तेव्हाच जेव्हा तुम्ही दगडात अडकून पूर्ण ताकदीने स्टिअरिंग फिरवत असाल, कारण सगळ्यात जास्त प्रेशर त्याच वेळी असतं.

आता प्रेशर म्हणजे किती ते सांगतो. टायरमध्ये आपण साधारण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. पॉवर स्टिअरिंगच्या प्रेशर होजमध्ये सरळ रस्त्यावर साधारण शंभर-दीडशे पीएसआय असतं आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग टोकापर्यंत नेलं की तेच बहुतेक गाड्यांत १००० ते १५०० पीएसआयपर्यंत चढतं, मग पंपातला, जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व उघडतो. ऑफ-रोडिंगमध्ये मोठे टायर, कमी हवा, जागेवर उभं राहून स्टिअरिंग फिरवणं हे सगळं एकत्र येतं, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला कधीतरी लागणारं प्रेशर आपल्या गाडीला तासातून कितीतरी वेळा लागतं. आणि त्याबरोबर ऑइल पण तापतं.

म्हणून होज निवडताना घाई करू नका. इथे एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडे जाऊन तारेच्या जाळीचा जाड होज करून घेतला की झालं असं वाटतं, कारण तो तीन-चार हजार पीएसआय सहज सहन करतो. प्रेशरच्या दृष्टीने तो चालेल, पण पॉवर स्टिअरिंगच्या होजचं काम फक्त प्रेशर धरून ठेवणं नाहीये. पंप बहुतेक व्हेनवाला असतो, म्हणजे आत फिरणारी पाती असतात, प्रत्येक व्हेन ऑइलचा एक एक धक्का पुढे ढकलते, आणि गाडीसाठी बनवलेला होज मुद्दाम थोडासा फुगेल असा असतो म्हणजे ते धक्के तो स्वतःमध्ये जिरवतो. काही होजच्या आत तर त्यासाठी अजून एक बारीक नळी बसवलेली असते. कडक इंडस्ट्रियल होज टाकला की ते धक्के थेट बॉक्समध्ये आणि चासीत जातात आणि गाडी घूंऽऽ असा आवाज करायला लागते, मग माणूस पंप बदलतो, परत पंप बदलतो, आणि पंप बिचारा ठणठणीत असतो. प्रेशर होजवर एसएई (वाहनांच्या भागांचं मानक) जे१८८ असं काही छापलेलं असेल तर तो या कामाचा आहे, जे२०५० म्हणजे जास्त तापमानाचा, आणि जे१८९ म्हणजे रिटर्नचा, बॉक्सकडून टाकीकडे ऑइल परत नेणारा, कमी प्रेशरवाला. या तिघांची अदलाबदल करायची नाही. मी स्वतः जास्त तापमानवाला घेतो कारण जुन्या गाडीत प्रेशर लाइन बऱ्याचदा एक्झॉस्टच्या शेजारूनच जाते.

रिटर्नचा होज साधा वाटतो, दोन क्लॅम्प आणि रबराची नळी, आणि म्हणूनच तिथे हाताला लागेल ते टाकलं जातं. माझ्या गाडीत आधी कुणीतरी हीटरचा होज लावला होता. तो पाण्याचा होज, ईपीडीएम रबराचा, कूलंटसाठी एकदम उत्तम, पण ऑइल लागलं की ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. मी काढला तेव्हा तो टोकाला लिबलिबीत झाला होता आणि हाताला काळं चिकट लागत होतं, आणि तेच काळं आत ऑइलमध्ये पण मिसळलं होतं. तिथे ऑइलसाठीचाच होज पाहिजे, नायट्रिल रबराचा किंवा सरळ पॉवर स्टिअरिंग रिटर्न असं लिहिलेला.

टाकी पंपापासून वेगळी असेल तर तिसरा होज असतो, टाकीतून पंपाकडे जाणारा, ओढणारा. त्यात प्रेशर नसतंच, उलट पंप त्यातून ऑइल शोषत असतो. त्यामुळे तिथला क्लॅम्प ढिला असला तर ऑइल बाहेर येईलच असं नाही, हवा मात्र आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, पण टाकीत फेस आणि पंप कण्हतोय असं दिसलं की आधी हाच होज बघा.

फिटिंगबद्दल थोडं. जुन्या गाड्यांत तीन प्रकार जास्त दिसतात, फ्लेअर (नळीचं तोंड पसरट केलेलं), ओ-रिंगवालं (रबरी कडीचं), आणि बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ बोल्ट). एकाच बॉक्सच्या आधीच्या मॉडेलला फ्लेअर आणि नंतरच्याला ओ-रिंग असंही असतं, जीपसारख्या गाड्यांत येणाऱ्या सॅगिनॉ बॉक्सचं तेच आहे, १९८० च्या आसपास ते इंची फ्लेअरवरून मेट्रिक ओ-रिंगवर गेले. म्हणून गाडीच्या वर्षावरून होज मागवू नका, एवढ्या जुन्या गाडीत बॉक्स किंवा पंप आधी कधी बदललेला असू शकतो, जुना होज काढून दोन्ही टोकं डोळ्यांनी बघा आणि मगच मागवा. आणि तिन्हीपैकी कशालाही टेफ्लॉन टेप लावायची नाही. फ्लेअरमध्ये धातू धातूवर बसून सील होतं, ओ-रिंगमध्ये रबरावर, बॅन्जोत वायसरवर, आट्यांचं काम फक्त आवळून धरणं. टेपचे तुकडे आत गेले तर ते सरळ बॉक्सच्या व्हॉल्वमध्ये जाऊन अडकतात. बॅन्जोचे वायसर मात्र प्रत्येक वेळी नवे, दोन्ही बाजूंचे.

काढताना उघड्या तोंडाचा साधा पाना लावू नका, फ्लेअर नटसाठीचा पाना मिळतो, रिंग पान्यासारखाच पण नळीवरून सरकवता येईल एवढी फट असलेला, तोच वापरा, नाहीतर नट गोल होतो आणि मग पुढचा सगळा दिवस त्यातच जातो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. आणि काढण्याआधी ब्रश घेऊन जोडाच्या आजूबाजूचा चिखल पूर्ण साफ करायचा. हे काम कंटाळवाणं आहे पण ऑफ-रोड गाडीत याला पर्याय नाही, वाळूचा एक कण जरी आत गेला तरी पंपाच्या व्हेनना आणि बॉक्समधल्या सीलना तो ओरखडत राहतो. होज निघाला की दोन्ही तोंडं लगेच बंद करा. निघण्याआधी फोटो काढून ठेवा, क्लिप कुठे होती, वळण कुठल्या बाजूने होतं, सगळ्याचे.

आता खरा मुद्दा, म्हणजे होज नेमका कुठून न्यायचा. पंप इंजिनवर बसलेला असतो आणि बॉक्स चासीवर. इंजिन रबरी माउंटवर असतं म्हणजे ते हलतं, चासी तिच्या जागी. १९५१ साली क्रायस्लरने इम्पीरियलमध्ये पॉवर स्टिअरिंग विकायला आणलं तेव्हापासून बहुतेक हायड्रॉलिक सिस्टिममध्ये पंप इंजिनाच्या जोरावरच फिरत आलाय, त्यामुळे हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे, हलणारी एक बाजू आणि न हलणारी दुसरी, आणि मधला सगळा हिशेब होजने सांभाळायचा. ऑफ-रोडमध्ये लो रेंजला इंजिन त्याच्या माउंटवर चांगलंच कलंडतं, माउंट जुने असले तर अजूनच. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत होज कशालाही टेकत नाहीये म्हणजे काम झालं असं नाही. आणि प्रेशर आल्यावर होजची लांबी पण किंचित बदलते, बऱ्याचदा तो थोडा आखूडच होतो, त्यामुळे ताणून बसवलेला होज प्रेशर आल्यावर स्वतःच्याच क्रिम्पला ओढत राहतो. थोडी ढील पाहिजेच.

मी असं करतो, दोन्ही टोकं आधी फक्त हाताने आट्यांवर बसवायची, पाना लावायचाच नाही. हाताने दोन-तीन आटे सहज गेले नाहीत तर ते वाकडे बसतायत, काढून परत लावायचं, जोर केला की बॉक्सचे आटे जातात आणि बॉक्सचे आटे जाणं म्हणजे फार मोठं काम. मग होजला त्याच्या मनासारखं पडू द्यायचं, वळण कुठे सुखाने येतंय ते बघायचं. होजवर जी छापलेली रेघ किंवा अक्षरांची ओळ असते ती टोकापासून टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे, ती साडीच्या निऱ्यांसारखी फिरत गेली म्हणजे होजला पीळ बसलाय, आणि पिळलेला होज प्रेशर आलं की सरळ व्हायला बघतो आणि नट ढिला करतो. त्यामुळे शेवटचं आवळताना एका हाताने होज धरून ठेवायचा. फिटिंगच्या अगदी जवळून एकदम वळवायचा नाही, थोडा सरळ जाऊ द्यायचा आणि मग वळण.

आवळून झाल्यावर हँडब्रेक लावून, चाकांना उटी (अडवायला दगड किंवा पाचर) लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबायला सांगा आणि बाजूला उभं राहून होजकडे बघा. इंजिन कलंडताना होज पंख्याच्या, बेल्टच्या, एक्झॉस्टच्या किती जवळ जातो याचा अंदाज तेव्हा येतो. जवळ जात असेल तर रबर लावलेली क्लिप घेऊन चासीला धरायचा, प्लास्टिकच्या झिप टायने दुसऱ्या पाइपला बांधून टाकायचा नाही, ती उष्णतेत कडक होऊन तुटते आणि तोपर्यंत दोन्ही पाइप एकमेकांना घासत राहतात. एक्झॉस्टजवळ उष्णतेचं कव्हर घालायचंच, पण ते उघडून बसवता येणारं घ्या, आणि लीक नाही याची खात्री झाल्यावरच घाला, कारण आत लीक असेल तर कव्हर ऑइल पिऊन बसतं आणि तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ऑइलने भिजलेलं कापड म्हणजे आगीला निमंत्रण.

लिफ्ट किटवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांनी गाडी उंच केलीय त्यांच्यासाठी, सस्पेन्शन लिफ्टने या होजना काही फरक पडत नाही कारण पंप आणि बॉक्स दोन्ही स्प्रिंगच्या वर आहेत. बॉडी लिफ्ट केली आणि टाकी बॉडीला लावलेली असेल तर मात्र टाकी वर जाते, पंप आणि बॉक्स खालीच, म्हणजे रिटर्न आणि ओढणारा होज दोन्ही लांब घ्यावे लागतात. अ‍ॅक्सलवर स्टिअरिंगला जोर देणारा हायड्रॉलिक रॅम लावलेला असेल तर त्याच्या होजची लांबी चाक पूर्ण लोंबलेलं आणि पूर्ण दबलेलं असं दोन्ही करून मोजायची.

ऑइल कुठलं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच जुन्या फोर बाय फोरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं पण सगळ्यांत नाही, चुकीच्या ऑइलने सील खराब होतात. नवीन होज लावल्यावर जुनं काळं ऑइल तसंच ठेवायचं नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, रिटर्नचा होज टाकीपासून काढून बाटलीत सोडा, टाकीचं ते तोंड बंद करा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहा, वरून नवं ऑइल ओतत. स्वच्छ रंग येईपर्यंत. वेळ लागतो पण पंप कोरडा फिरत नाही, आणि व्हेन पंपाला त्या ऑइलशिवाय दुसरं वंगण नसतंच.

मग रिटर्न परत जोडून इंजिन बंद ठेवूनच अजून भरपूर वेळा फिरवायचं, टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. त्यानंतर इंजिन सुरू, थोडा वेळ, लेव्हल खाली जाईल ती भरायची. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात हवा मिसळलीय, इंजिन बंद करून ते शांत बसू द्या, फिरवत राहिलात तर हवा अजून बारीक होऊन मिसळते. टोकाला स्टिअरिंग धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदाच्या वर तर नाहीच.

लीक बघताना हात फिरवायचा नाही, हे प्लीज लक्षात ठेवा. एवढ्या प्रेशरला सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीतून आत जातं, बाहेरून नुसता ठिपका दिसतो आणि आत हात खराब होतो, दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटलला जायची वेळ असते ती. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. ओ-रिंगपाशी ओल दिसली तर अजून आवळून उपयोग नाही, काढून ओ-रिंग बदलायची. रबर गरम होऊन बसतं त्यामुळे रिटर्नचे क्लॅम्प पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाली की एकदा परत बघायचे.

आणि होज रानात फुटलाच तर आधी इंजिन बंद, कारण ऑइल एक्झॉस्टवर उडत असतं. पंपाला स्वतःचा वेगळा बेल्ट असेल तर तो काढून टाका आणि जड स्टिअरिंगने हळूहळू बाहेर या, बॉक्स आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच असतात, फक्त ताकद तुमची लागते. एकाच बेल्टवर वॉटर पंप पण असेल तर हा मार्ग नाही, मग फुटलेल्या होजच्या जागी लावायला एक जादा प्रेशर होज, पुरेसं ऑइल आणि तो फ्लेअरचा पाना गाडीतच पाहिजे, मी आता तिन्ही मागच्या सीटखाली ठेवतो.