भुरीला ताक, ठिपक्यांना कात्री

दिवाळी आटोपली की नागपुरात दिवसा ऊन चटकतं आणि रात्री गारवा पडतो. भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला, असंच हवामान मानवतं. आमच्या धरमपेठेतल्या गच्चीवर ती आधी झिनियावर येते, मग गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर. पान अंगठ्यानं पुसून बघायचं. पांढरी पूड बोटाला लागली आणि खालून पान हिरवंच निघालं, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

मग एक वाटी आंबट ताक, नऊ वाट्या पाणी. हे जुन्या साडीच्या फडक्यातून गाळायलाच हवं, नाहीतर लोण्याची कणी नोझलमध्ये अडकते आणि अर्धी सकाळ टाचणी घेऊन बसावं लागतं. फवारायचं सकाळच्या उन्हात, पानाच्या दोन्ही अंगांनी, आठवड्यातून एकदा. थोडा आंबूस वास येतो, मुंग्याही येतात, चालायचंच. याला नुसता आजीबाईचा बटवा म्हणून नाक मुरडू नका. ब्राझीलचे कृषिशास्त्रज्ञ वॅग्नर बेत्तिओल यांनी 1999 मध्ये झुकिनीच्या भुरीवर गाईच्या दुधाचा प्रयोग छापला. दहा टक्के दूध-पाण्यानं भुरी चांगली आटोक्यात आली होती.

शेजारच्या वहिनी विचारत होत्या, "काहो ताई, मंग हेच ताक काळ्या ठिपक्यांवर काहून नाही चालत?"

कारण ती बुरशीच निराळी. गुलाबाच्या काळ्या ठिपक्याला पानावर कित्येक तास पाणी साचलेलं लागतं, म्हणून तो आपल्याकडे पावसाळ्यात माजतो. भुरीचं उलट आहे, तिच्या बीजाणूंना पानावरचं पाणी सोसत नाही. सकाळी पाइपानं पानं धुतली तरी ती दबते. ठिपक्यांच्या झाडाला असं धुतलंत तर रोग पसरलाच म्हणून समजा! त्याला पाणी फक्त बुडाशी. ठिपक्यांची पिवळी पडलेली पानं कापायची, गळलेलीही वेचायची आणि घरच्या खताच्या डब्यात न टाकता सरळ कचरागाडीत. कुंड्या थोड्या लांब सरकवायच्या. एवढ्यानं जे होतं ते कुठल्याच फवाऱ्यानं होत नाही, असं माझं मत.

खायचा सोडा मी वापरत नाही. भुरीवर चालतो, पण त्यातलं सोडियम कुंडीच्या मातीत साठत जातं. कडुनिंबाचं तेल वापरते, लिटरला पाच मिली, साबणाच्या पाण्यात नीट फेटून, तेही संध्याकाळी. मार्च लागला की बाटली कपाटात. आपल्या उन्हात तेलकट पानं करपतात.