नवीन कोर्स, आणि माझे ११४
काल पहिल्यांदाच एका नव्या गोल्फ कोर्सवर खेळलो आणि पार ७२ (म्हणजे अपेक्षित फटके ७२) असताना ११४ मारून आलो. एरवी मी ९५ च्या आसपास असतो, म्हणजे फार ग्रेट नाही, पण इतकी वाट कधी लागली नव्हती.

पहिल्याच होलला ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, उजवीकडे झाडीत. प्रोव्हिजनल बॉल (पहिला हरवलाच तर म्हणून मारून ठेवायचा दुसरा) मारायचं सुचलंच नाही, म्हटलं सापडेल की! २०१९ पासून शोधायला ५ च्या ऐवजी ३च मिनिटं मिळतात, ती गवत तुडवण्यात गेली, मग मान खाली घालून परत टीवर (जिथून पहिला फटका मारतात तिथे), दंडाचा एक धरून तिसरा शॉट, आणि मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून बघतोय.

सातव्याला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. वाळू वरून मऊ दिसत होती पण खाली दगडासारखी कडक, वेज (वाळूतून मारायची काठी) आपटून उसळली आणि बॉल थेट ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पलीकडे. ग्रीन तर विचारूच नका, सपाट वाटलेला चार फुटांचा पट (होलकडे ढकलायचा हलका फटका) होलच्या कडेवरून घसरून पार खाली, मी पळत मागे (पळून काय होणार होतं देव जाणे).

चौदाव्याला मात्र सात आयर्नचा (सात नंबरच्या काठीचा) फटका असा काही बसला की बॉल पिनपासून, म्हणजे होलमधल्या झेंड्यापासून, हातभर अंतरावर. बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी! पुढच्याच होलला दोन बॉल पाण्यात.