आजी "आव्हानांचा सामना" म्हणाल्या व्हय?

गेल्या आठवड्यात आमची प्रोजेक्टची व्हायवा झाली आणि मॅडमनी माझी जी काय बिनपाण्यानं केली ती सांगतो. (मुलगीच आहे मी, कोल्हापुरात पोरी पण 'सांगतो, जातो'च म्हणतात, पुढं अडखळू नका.)

विषय २०१९ चा महापूर. मी आणि रूम पार्टनर कोल्हापूरजवळच्या चिखली गावात जाऊन चार-पाच घरात बोलून आलो, मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं, तिथपर्यंत झकास. मग सबमिशनला दोन दिवस राहिले आणि पार्टनर म्हणली, "भावा, एआयला दे की, दहा मिनटात लिहून देतंय." दिलं. दहा मिनटं पण लागली नाहीत.

मॅडमनी पान उघडून मोठ्यानं वाचलं, "पुरामुळे आम्हाला अनेक आव्हानांचा सामना करावा लागला." खाली लिहिलेलं, वृद्ध महिला, चिखली. मॅडम म्हणल्या, आजी असं बोलल्या? आता आजी काय बोलल्या ते माझ्या मोबाईलमध्येच होतं, "दावं कापलं बाई म्हशीचं, म्हटलं जा, जगलीस तर जगलीस." ते दावं कापणं म्हणजे अख्ख्या प्रोजेक्टमधली एकमेव भारी गोष्ट, आणि एआयनं त्याचं "पशुधनाची हानी" करून ठेवलं होतं.

पुढच्या पानावर अजून कहर. "प्रशासनाने राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडण्याचा निर्णय घेतला." अरे स्वयंचलित आहेत ना ते? सातच्या सात दरवाजे पाणी ठराविक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, इथं शेंबड्या पोराला पण माहितीय, पावसाळ्यात आमच्या व्हॉट्सॲपवर दुसरं असतंय काय, कितवा दरवाजा उघडला आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे ते वाक्य मी सबमिशनआधी वाचलं होतं. इतकं गुळगुळीत की डोळा कुठं अडकलाच नाही. हे एआय पुढं कुठला शब्द शोभेल याचा अंदाज लावत लिहितंय, आणि धरण म्हटलं की प्रशासन, प्रशासन म्हटलं की निर्णय.

बाहेर आल्यावर वर्गातली पोरं विचारायला लागली, सापडलीस कशी, चेकर लावला काय? चेकर कसला डोंबलाचा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं स्वतः एआयचं लिखाण ओळखायचं टूल जानेवारी २०२३ ला काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद पण केलं. मॅडमनी फक्त आजी काय बोलल्या एवढंच विचारलं.

मी एआय सोडलं नाही हं, खोटं कशाला बोलू. बी.ए. पर्यंत मराठी मीडियम, आणि इथं सगळे पेपर इंग्लिशमधनं. पुराचा रिटर्न पिरियड म्हणजे काय, '१०० वर्षांचा पूर' म्हणजे तो १०० वर्षांनीच येतो असं नाही, दरवर्षी १०० त एक शक्यता, हे मला रात्री बारा वाजता चारदा विचारून कळलं. चौथ्यांदा सरांना विचारायचं धाडस आपल्यात नाही.

प्रोजेक्ट परत करायला लावलाय. चाळीस मिनटांचं रेकॉर्डिंग हातानं उतरवायला दोन संध्याकाळी गेल्या, आणि शेवटाकडं एक ऐकू आलं जे चिखलीत असताना माझ्या कानावरनंच गेलं होतं, कारण तेव्हा चहा आला होता. पार्टनर विचारतीय, "मग म्हस गावली काय?" आणि आजी म्हणतात, "आठ दिसांनी आली की. आपल्या आपण. दावं तसंच गळ्यात."