गालिच्यावर फळ्या टाकल्या, पण आधी तीन महिने ‘बघूया की’

कोल्हापुरात ताराबाई पार्कात भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये पूर्वी कुणाचं तरी ऑफिस होतं. त्यामुळे एका खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, तोही सोल्यूशनने चिकटवलेला. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि त्याची चाकं गालिच्यावर रुतायला लागली. उपटायचा तर खाली काय निघेल देव जाणे, आणि ५० हजार डिपॉझिट अडकलेलं. म्हणून वरून टणक फरशी टाकायची ठरवली, घर सोडताना काढून नेता येईल अशी.

काम दीड दिवसाचं. परवानगीला लागले तीन महिने.

अकरा महिन्यांच्या करारात ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नयेत’ असं कलम आहे. पाडव्याला मालकांना फोन केला. “करा की हो, त्यात विचारताय काय!” म्हटलं, काका, तेवढं व्हॉट्सॲपवर लिहून द्या. तिथंच घोडं अडलं. “जोतिबाची यात्रा होऊ दे, मग निवांत बोलू.” यात्रा झाली. मग पुतणीचं लग्न. मग “जाग्यावर येऊन बघतो”. दोन रविवार आम्ही चहाचं आधण ठेवून बसलो, फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, गालिच्यावर बूट घासून बघितला, म्हणाले, “चांगला हाय की! कशाला झाकताय?” आईने वॉकर ढकलून दाखवला. “बघूया की,” म्हणून चहा पिऊन गेले. नाही म्हणणारा माणूस परवडतो. याला ना भांडता येतं, ना काम सुरू करता येतं. शेवटी मजकूर मीच लिहून पाठवला: गालिच्याला खिळा, गोंद लागणार नाही, जाताना सगळं काढून नेऊ. त्यावर जूनच्या मध्यावर एक अंगठा आला. एक अंगठा!

तोवर पाऊस लागला. सुतारमामा म्हणाले, “आता नको. ओल खाली कोंडली तर बुरशी धरंल.” पटलं, पण चरफडलो. काम झालं दसऱ्यानंतर.

आमचा गालिचा पातळ, घट्ट विणीचा, खाली फोम नाही, म्हणून हे जमलं. मऊ, जाड गालिच्यावर करू नका. नुसत्या एकमेकांत अडकणाऱ्या फळ्या टाकल्या तर पायाखाली दबून सांध्याची खाच मोडते. आम्ही आधी ६ मिमी प्लायचे दोन थर टाकले, वरच्याचे सांधे खालच्यावर येणार नाहीत असे. दोन्ही मिळून १२ मिमी, म्हणून ते एकमेकांना जोडायला स्क्रू १० मिमीचे. गालिच्याला टोक लागत नाही. १२ बाय १० च्या खोलीला आठ बाय चारचे आठ शीट लागले. ते लिफ्टमध्ये मावत नाहीत, दुकानातच कापून घ्या. वर ५ मिमीच्या फळ्या. त्या आधी दोन दिवस खोलीत पडू द्यायच्या, आणि भिंतीपाशी चारी बाजूंनी १० मिमी फट सोडायची, फुगायला जागा. जड कपाट फळ्यांवर ठेवू नका. आम्ही ते दुसऱ्या खोलीत हलवलं.

दाराचा विचार आधी करा, मी केला नाही. १७ मिमी उंची वाढली आणि दार उघडेना. मालकाचं दार रंधायचं म्हणजे पुन्हा फोन! बिजागऱ्या सोडवून दार माळ्यावर ठेवलं, पडदा लावला.

हो, गालिच्याचे फोटो आधी काढून मालकांना पाठवा, डागांसकट.

उंबऱ्याशी मामांनी लाकडाची उतरती पट्टी बसवली, नाहीतर वॉकर तिथंच अडला असता. पहिल्या आठवड्यात ती एकदा सरकली. खालून दोन स्क्रू मारून प्लायला धरली. आता आई पहाटे कुणाला न उठवता बाथरूमपर्यंत जाते.