डावी पापणी

परवाची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आयसीयूतले काका, दोन दिवसांपूर्वी अटॅक, अँजिओप्लास्टी नीट झालेली आणि अचानक व्हीटी सुरू, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे बेफाम वेगाने धडधडायला लागले. शॉक दिला की ठोके ताळ्यावर, थोड्या वेळाने परत तेच. 24 तासांत तीनदा झालं तरी त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात, मला बोलावलं तोवर काकांना नऊ शॉक देऊन झाले होते. पोटॅशियम, मॅग्नेशियम, ठोके ताळ्यावर आणणारं अमिओडॅरोन, सगळं चालू. सिस्टर मशीनकडे वळली तरी काका हात जोडायचे, "ताई, आता नको ओ."

मला खरा राग याचाच येतो. भीती आणि वेदनेने सिम्पथेटिक नसा, म्हणजे संकटात हृदयाला पळवणाऱ्या नसा, अजून खवळतात, नॉरएड्रेनॅलिन हे ठोके वाढवणारं रसायन थेट हृदयाच्या स्नायूत सोडतात, की परत व्हीटी, परत शॉक, परत भीती. एमबीबीएसला सगळ्यांनी शिकलेलं असतं हे, पण आम्हा भूलवाल्यांना बोलवायचं ते फक्त ट्यूब टाकायला!

मी म्हटलं डावा स्टेलेट गँग्लियन ब्लॉक देते. या नसांची गाठ मानेच्या तळाशी असते, 1916 साली बुखारेस्टला जोनेस्कू या सर्जनने अंजायनाच्या (हृदयाच्या छातीदुखीच्या) पेशंटमध्ये ती चक्क कापून काढली होती, आपण फक्त काही तास बधिर करायची. रक्त पातळ करायची औषधं चालू असताना मानेत सुई, धाकधूक होतीच. सोनोग्राफीवर मानेच्या सहाव्या मणक्याचं टोक शोधलं, मेंदूकडे जाणारी मोठी कॅरोटिड रक्तवाहिनी टाळली, कलर डॉपलर लावून वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्या बघितल्या, लाँगस कोलाय स्नायूवरच्या पडद्याखाली सुई नेली आणि बधिर करणारं 0.25 टक्के ब्युपिव्हाकेन 8 मिली दिलं, तेही एकेक मिली, दरवेळी मागे ओढून रक्त येतंय का बघत, कारण मेंदूकडे जाणाऱ्या व्हर्टिब्रल आर्टरीत थोडंसं गेलं तरी तिथल्या तिथे फिट येते. औषध पडद्याखाली नीट पसरताना दिसलं तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

काही मिनिटांत काकांची डावी पापणी खाली आली, बाहुली बारीक झाली, हात गरम लागला. ब्लॉक लागल्याची खूण. काकू मात्र घाबरल्या, "लकवा मारला का ओ?" त्यांना बाहेर नेऊन दोनदा समजावलं.

त्यानंतर एकही शॉक लागला नाही. कार्डिओलॉजीचे सर म्हणतात अमिओडॅरोन उशिरा लागू पडलं. असेलही, एका केसवरून मी कसं सांगू. पण मग मला आधीच का नाही बोलावलं?

रात्री पापणी हळूहळू वर यायला लागली, म्हणजे ब्लॉक उतरत होता. मी घरी गेले नाही, स्टूल ओढून मॉनिटरसमोर बसले. पहाटे दोन्ही डोळे सारखे दिसायला लागले. काका घोरत होते.